खळ

जिरोनाच्या नोटरीकडून आज गाडाभर कागद आले.
जुनी खाती, पावत्या, भाड्याचे तंटे.
"पुठ्ठ्याला चालतील," गाडीवान म्हणाला,
"तुमच्याच लोकांचे आहेत."
मग जीभ चावली. "म्हणजे, पूर्वीच्या."

मी हसलो. हसावं लागतं.
पाचवं वर्ष सरत आलं, माझं नाव पेरे फोंतानेस.
फोंतानेस त्या कापडवाल्याचं आडनाव
ज्यानं माझ्या डोक्यावर पाणी पडताना
माझा खांदा धरला होता, घट्ट.
मी पळेन म्हणून, की पडेन म्हणून,
ते त्याला अजून विचारलेलं नाही.

पुठ्ठा असा होतो, आर्नाऊ:
कागदावर खळ, खळीवर कागद,
पुन्हा खळ. पंधरा थर.
वर दगड. रात्रभर.
सकाळी त्यातला एकही कागद बोलत नाही,
पण पुस्तक ताठ उभं राहतं.

पोरगं चौदाचं, लोहाराचं. जन्माचं ख्रिस्ती,
त्याला काहीही विचारायची मुभा.
"मास्तर, ही अक्षरं उलटी का चालतात?"
"उलटी नाहीत. तू पलीकडच्या काठावर उभा आहेस."
बोलून गेलो, आणि बराच वेळ
मडकं ढवळत राहिलो.

समोरची गेराउची बायको मोजत असते
शनिवारी माझ्या धुराड्यातून धूर निघतो का.
निघतो.
ओली लाकडं घालतो मी, भरपूर निघावा म्हणून.

तिसऱ्या गठ्ठ्यात तो सापडला.
दोल्सा, विदालची मुलगी.
दोन गाद्या, एक तांब्याचं घंगाळ,
निळा लोकरी झगा, बाहीला कसर लागलेला.
ती कसरही तिच्या बापानं लिहायला लावली होती,
करारात काही लपवू नये म्हणून.
आणि खाली मी: बोंजुआ बेन अस्त्रुक.
किती तिरकी सही.
हात थरथरला तेव्हा मांडवभर हसले होते,
नवरा आत्ताच घाबरला म्हणून.

त्या ऑगस्टात ती बेसालूला होती, बहिणीच्या बाळंतपणाला.
मी निरोप धाडला: जिवंत आहे, ये.
उत्तर आलं: जिवंत आहेस, बरं झालं.
येण्याबद्दल अक्षर नव्हतं.
थंडीत दोन माणसं आली, सोडचिठ्ठी मागायला.
दिली. लेखकानं माझी दोन्ही नावं घातली,
वर "आणि आणखी ज्या नावानं हा ओळखला जात असेल" हेही,
न जाणो, मी तिसराच कुणी असेन.

उद्या संध्याकाळी त्यांचा सण बसतो.
कुणाला विचारावं लागत नाही, चंद्र सांगतो.
पूर्वी या रात्री खळीचं मडकं रिकामं करायचो.
पीठ ते पीठ; भिजलं, आंबलं,
घरात ठेवायचं नाही.
दोल्सा मेणबत्ती धरायची, मी तळ खरवडायचो.
"तिथे, कानाशी. अजून राहिलंय," म्हणायची.
मग आठवडाभर दुकान बंद,
पुस्तकं पाठ उघडी टाकून पडलेली.

करार मी सातव्या थरात घातला.
बिशपसाहेबांच्या दंडाची वही आहे, मजबूत हवी.
कडेपासून कडेपर्यंत खळ लावली,
तिच्या नावावर बोटभर जागा कोरडी सोडली.
कुणाला कळणार नाही.
कदाचित वाळवीला.

दिवा लागला. आर्नाऊनं टोपी घातली.
"मास्तर, मडकं घासू?"
राहू दे, म्हणालो. उद्याही लागेल.
तो उंबऱ्यापर्यंत गेला.
थांब, म्हणालो, घासच.
तो घासू लागला, पोरच ते, वरवर,
आणि मी दिवा हातात घेऊन
त्याच्या खांद्याशी वाकलो कधी, कळलं नाही.

तिथे, कानाशी.
अजून राहिलंय.